सोडू का, सर?

“तर मग सोडू का, सर?”

झोपे सरांनी डोळे उघडले नाहीत.

“सर्व्हिस कुणाची आहे?” त्यांनी विचारलं.

हा प्रश्न जयवंत वारकेला नव्हता. तो कोर्टवरच्या म्हाताऱ्यांना होता. तिथे रिटायर्ड गार्ड भिरूड आणि दातांचे डॉक्टर लढ्ढा नेटला नाक लावून भांडत होते. सर्व्हिस आपली, असं दोघांचंही म्हणणं होतं. ते दोघे एकाच बाजूने खेळत होते, ही गोष्ट अजून त्यांच्या ध्यानात आली नव्हती.

“समोरच्यांची,” सरांनीच सांगितलं. भांडण मिटलं.

जयवंत बाकावर बसून राहिला. जळगावहून तो एवढं एकच विचारायला आला होता.

भुसावळच्या रेल्वे कॉलनीतला तो जुना हॉल. दारं बंद, खिडक्या बंद, पंखे बंद. वाऱ्याने शटल भरकटतं म्हणून खेळ चालू असताना पंखा लावायचा नाही, हा सरांचा दंडक. बाहेर एप्रिल. भुसावळचा एप्रिल कसा असतो ते भुसावळच्याला सांगावं लागत नाही, आणि बाहेरच्याला सांगून पटत नाही.

प्रल्हाद झोपे सर आपल्या आडनावाला जागणारे होते, म्हणजे बसल्या जागी पेंगत. ऐंशीला टेकलेले. याच बाकावर पेंगत त्यांनी तीन पिढ्यांना खेळायला शिकवलं. डोळे मिटून त्यांना हॉलमधलं सगळं कळतं, अशी मुलांची समजूत होती. काहींची अजून आहे. ती आता आजोबा झाली आहेत.

“सर...”

“ऐकतोय.”

“थकलो आहे मी.”

“कशानं?”

“शिकवून.”

“काय शिकवतोस?”

वीस वर्षं तो रेल्वेची नोकरी सांभाळून जळगावात एका शिक्षणसंस्थेच्या हॉलवर कोच होता. इतक्या वर्षांत हे त्याला कुणी विचारलं नव्हतं.

“खेळ,” तो म्हणाला.

“अस्सं.”

सर पुन्हा आडनावाला जागू लागले.

जयवंत अकरा वर्षांचा असताना या हॉलमध्ये आला. सिंगल्समध्ये तो बरा होता. म्हणजे हरायचा, पण हरताना बरा दिसायचा. सरांनी दोन महिने पाहिलं आणि त्याला डबल्सला लावलं. त्याला पुढे, नेटजवळ उभं केलं आणि मागे उभा केला यावलकडचा अन्वर तडवी. लांब हातांचा, कमी बोलणारा मुलगा.

त्यांना पहिल्या दिवशी सरांनी एकच शब्द शिकवला. सोड.

पुढच्याची पाठ मागच्या रेषेकडे असते. डोक्यावरून जाणारं फूल आत पडणार की बाहेर, हे त्याला दिसत नाही. मागच्याला दिसतं. ते बाहेर जात असेल तर मागच्याने ओरडायचं, “सोड!” आणि पुढच्याने हात खाली घ्यायचा. विचार करायचा नाही, मान वळवायची नाही. सर शटलला फूल म्हणत. जुने लोक अजून म्हणतात.

पुढे वारके-तडवी जोडी नावारूपाला आली. जिल्हा जिंकला, विभाग जिंकला. खेळाडूंच्या कोट्यातून दोघांना एकाच दिवशी रेल्वेत नोकरी लागली.

डबल्सवाल्याचं नाव पेपरात एकट्याचं कधी येत नाही. ‘वारके-तडवी विजयी’ असं येतं. वारके तडवी हे एकाच माणसाचं नाव आहे, असं पुष्कळांना वाटे. एका सत्काराला संयोजकांनी एकच शाल आणली होती. अन्वरने ती जयवंतच्या खांद्यावर टाकली. त्यागबिग काही नाही, मे महिना होता.

मग ती फायनल आली. राज्य अजिंक्यपदाची.

ती जयवंत आजवर इतक्यांना सांगत आला होता, की ऐकणारे पुढचं वाक्य आधीच म्हणत. तिसरा गेम. चौदा-तेरा. आपण पुढे. पंधराव्या पॉइंटला राज्याचे विजेते. सर्व्हिस जयवंतची. समोरच्याने शटल त्याच्या डोक्यावरून ढकललं. उडी मारली असती तर हाताला लागलं असतं. मागून अन्वर ओरडला, “सोड!” जयवंतने सोडलं.

शटल रेषेवर पडलं. आत.

“एका ‘सोड’ने फायनल गेली,” जयवंत म्हणायचा. इथे त्याची गोष्ट संपायची.

फायनल मात्र तिथे संपली नव्हती. तेव्हा नियम असा होता, की पॉइंट फक्त सर्व्हिस करणाऱ्या जोडीला मिळायचा. दुसऱ्या जोडीने शटल पाडलं तर तिला पॉइंट नाही, नुसती सर्व्हिस मिळायची. त्यानंतरही खेळ झाला, बराच झाला. त्या खेळात जयवंतने अन्वरच्या वाटणीचं एकही शटल अन्वरला मारू दिलं नाही, आणि दोनदा दोघांच्या रॅकेटी एकमेकींवर आपटल्या, एवढं या हॉलमधल्या जुन्या लोकांना आठवतं. जयवंत तो भाग सांगत नसे. कुणी विचारतही नसे. दुःख ऐकणारा माणूस तपशिलाच्या फंदात पडत नाही.

त्या दिवसानंतर ते दोघे एका कोर्टवर उभे राहिले नाहीत. अन्वर आता यावलला असतो. यावल इथून हाकेच्या अंतरावर आहे, पण हाक मारायला कुणीतरी लागतं.

“सोमवारी संस्थेला उत्तर द्यायचंय,” जयवंत म्हणाला. “आणखी तीन वर्षं थांबता का, म्हणून विचारतायत.”

“मग थांब.”

“कुणासाठी थांबू, सर? पोरं टिकत नाहीत. दहावीला सोडतात, बारावीला सोडतात. उरलेली कोट्याला क्लासला जातात, तिथे सोडतात.”

एका कोट्याने जयवंतला खेळाडू म्हणून नोकरी दिली, दुसरा कोटा त्याचे खेळाडू नेत होता. हिशेब तसा चोख होता.

“गेल्या आठवड्यात...” जयवंत थांबला.

“काय झालं?”

“माझी एक जोडी होती. ऋतुजा आणि कादंबरी. वीस वर्षांत अशी जोडी मिळाली नव्हती, सर. आम्ही दोघं होतो ना, तशी.”

“भांडल्या?”

जयवंतने चमकून पाहिलं. सरांचे डोळे मिटलेलेच.

“विभागाची फायनल होती. कादंबरी मागे होती, ती ‘सोड’ म्हणून ओरडली. ऋतुजा पुढे. तिनं सोडलं नाही. हातभर बाहेर जाणारं शटल मारलं आणि नेटमध्ये घातलं. गेला गेम. आता बोलत नाहीत एकमेकींशी. कादंबरीचे वडील म्हणतात, आम्ही तिला सिंगल्सला घालतो. तिथं कुणाच्या नादी लागायला नको.”

“ऋतुजा काय म्हणते?”



ऋतुजा काही म्हणाली नव्हती. तिने नुसतं भिंतीकडे बोट दाखवलं होतं. जयवंतच्या हॉलच्या भिंतीवर लाल ऑइलपेंटमध्ये, हत्तीएवढ्या अक्षरांत लिहिलेलं होतं: ‘काहीही सोडायचं नाही.’ ते जयवंतनेच रंगवून घेतलं होतं, कोच झाला त्याच वर्षी. पालकांना ते फार आवडे. मुलांच्या मार्कांनाही ते लागू पडतं, असं ते म्हणत.

“सोडू का, सर?” जयवंतने पुन्हा विचारलं. “तुम्ही एकदा सांगा, म्हणजे मी मोकळा झालो.”

“चार-चार की पाच-चार?” सर कोर्टकडे तोंड करून म्हणाले.

तिकडे नवं भांडण पेटलं होतं. नियम बदलून आता प्रत्येक शटलला कुणाला तरी पॉइंट मिळतो. म्हाताऱ्यांनी हा बदल मान्य केलेला नाही. वेतन आयोगाखेरीज कुठलाच बदल त्यांनी आयुष्यात आनंदाने मान्य केलेला नाही. ते जुन्याच नियमाने खेळतात. त्यात सर्व्हिस सारखी इकडून तिकडे जाते, पॉइंट होत नाही, आणि झालेला कुणाच्या लक्षात राहत नाही.

समोरचे दोघे वैतागून रॅकेटी पिशवीत घालू लागले. एकाला बाजारात जायचं होतं. दुसऱ्याला त्याच्याबरोबर जायचं होतं.

“ओ भो जयवंत!” भिरूड ओरडले. “बसला काय नुसता? ये ना. दोन डोकी कमी पडून राहिली.”

“एकच आहे मी, काका.”

“एक आणि मी,” सर म्हणाले, आणि उठले.

मांडीचं हाड मोडल्यापासून सर कोर्टवर उतरले नव्हते. डॉक्टर लढ्ढा पुढे आले.

“सर, काहीतरीच काय! मी दातांचा डॉक्टर आहे. पडलात तर माझा उपयोग नाही.”

“दातावर पडेन,” सर म्हणाले.

त्यांनी चपला बाकाखाली सरकवल्या, भिंतीला टेकवलेली कुणाचीतरी रॅकेट घेतली आणि ती काठीसारखी टेकवत मागच्या रेषेपाशी जाऊन उभे राहिले.

“पुढे हो,” त्यांनी जयवंतला सांगितलं.

खेळ सुरू झाला.

भिरूडांनी सर्व्हिस केली. फूल सरांकडे गेलं. जयवंत मागे धावला, त्याने ते मारलं, परत पुढे आला.

दुसरं डाव्या कोपऱ्यात गेलं. जयवंत तिकडे धावला. तिसरं उजव्या कोपऱ्यात. तिकडेही जयवंतच. चौथं अगदी सरांच्या छातीवर आलं. सरांनी रॅकेट नुसती वर धरली असती तरी परत गेलं असतं. जयवंतने त्यांच्या पुढ्यातून ते उचललं.

“माझं होतं,” सर म्हणाले.

“हो सर. सॉरी.”

पुन्हा एक सरांकडे आलं. जयवंत वाऱ्यासारखा मागे आला.

“तेही.”

“तुम्हाला त्रास नको म्हणून...”

“बरं.”

असं बराच वेळ चाललं. जयवंतचा शर्ट पाठीला चिकटला, घाम डोळ्यांत उतरला. पन्नाशी उलटलेला माणूस, गुडघ्यांना पट्टे, आणि चारही कोपरे एकट्याच्या अंगावर. भिरूड आणि लढ्ढा दोघे मिळून त्याच्या निम्मेही पळत नव्हते. सर तर जागचे हललेच नव्हते.

“थकलास?” सरांनी विचारलं.

“हो... सर.”

“मी नाही थकलो.”

जयवंत कमरेवर हात ठेवून धापा टाकत उभा राहिला.

“मी इथे कशाला उभा आहे रे?” सर म्हणाले.

स्वरात राग नव्हता. खरोखरच माहीत नसल्यासारखं त्यांनी विचारलं होतं.

तेवढ्यात पलीकडे डॉक्टर म्हणाले, “किती झाले? आमचे सहा ना?”

“सहा कुठले, सात,” भिरूड म्हणाले.

“तुमचे तेरा,” सर म्हणाले. “आमचे चौदा. सर्व्हिस जयवंतची.”

“चौदा?” भिरूडांचा जबडा खाली आला. “चौदा कधी झाले, भो?”

“झाले.”

“अहो सर, पण आत्ता तर...”

“मला माहितीय किती झाले.”

सरांशी कोण वाद घालणार? म्हाताऱ्यांनी माना हलवल्या आणि आपापल्या जागा घेतल्या.

जयवंतचा हात मात्र शटल धरल्या जागी थांबला. चौदा-तेरा. आपण पुढे. सर्व्हिस आपली.

त्याने मागे वळून पाहिलं. सर रेषेपाशी उभे होते, डोळे मिटल्यासारखे.

“पुढे बघ.”

जयवंतने पुढे पाहिलं. सर्व्हिस केली. नेटला घासून जाईल अशी, जुनी, त्याच्या हातातली.

डॉक्टर घाबरले. त्यांनी डोळे मिटून रॅकेट फिरवली, आणि फूल जयवंतच्या डोक्यावरून निघालं. फार उंच नाही. उडी मारली तर हाताला लागेल असं.

“सोड!”

मागून आवाज आला. ऐंशीला टेकलेल्या माणसाचा तो आवाज नव्हता. हॉलच्या पत्र्याला लागून परत आला.

जयवंतने उडी मारली आणि फूल खाली आपटलं. ते भिरूडांच्या दोन पायांमधून गेलं आणि मागे लाकडावर टप्पकन वाजलं.

“वा भो, वा!” भिरूड पाय तपासत म्हणाले. “अजून आहे पोरात!”

“गेम!” डॉक्टर म्हणाले. आपण हरलो याचा त्यांना आनंद झाला होता. आता पंखा लावता येणार होता.

जयवंतही हसला. कितीतरी दिवसांनी हसला. हसतच मागे वळला.

सर तसेच उभे होते. रॅकेट जमिनीला टेकलेली.

“ऐकू आलं नाही?”

जयवंतचं हसू ओसरलं.

“आलं, सर.”

“मग?”

“आत पडत होतं ते.”

“तू पुढे होतास. रेषा तुझ्या पाठीमागे.”

“तरी... आत पडत होतं, सर. माझी खात्री आहे.”

सरांनी मागे वळून रेषेकडे पाहिलं. पांढरा रंग जागोजाग उडालेला होता. मग ते म्हणाले,

“आत पडत होतं.”

जयवंत गोंधळला.

“मग तुम्ही ‘सोड’ का म्हणालात?”

“सकाळपासून तूच विचारतोयस.”

...

भिरूडांनी पंखा लावला. तो कुरकुरत फिरू लागला. हॉलमागून मालगाडी जाऊ लागली. लांबच लांब, रिकाम्या डब्यांची. ती संपेपर्यंत कुणी बोललं नाही. भुसावळमध्ये मालगाडी संपेपर्यंत कुणी बोलत नाहीच.

जयवंत नेटपाशी उभा होता. घामाने निथळत, एकटा.

“अन्वरलाही मी असंच...” तो म्हणाला, आणि थांबला.

त्याने बाहीने घाम पुसला.

“त्याला चुकीचं दिसलं होतं, सर.”

“हो.”

“तुम्हीही तिथे होतात. तुम्ही पाहिलं.”

“सगळं पाहिलं,” सर म्हणाले. “शेवटपर्यंत बसलो होतो मी.”

‘शेवटपर्यंत’ हा शब्द त्यांनी बाकीच्या शब्दांसारखाच उच्चारला. जयवंतची मान मात्र खाली गेली. त्याने नेटची दोरी धरली आणि सोडली, परत धरली.

सर रॅकेट टेकवत बाकाकडे निघाले. भिरूड त्यांच्या काखेत हात घालायला धावले. सरांनी तो हात घेतला, मुकाट्याने, आणि त्याच्यावर सगळा भार टाकून सावकाश बसले. पायाने चाचपत बाकाखालच्या चपला ओढल्या.

जयवंत त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला.

“सर...”

“हं.”

“सोडलं असतं... तर काय झालं असतं?”

सरांचे डोळे मिटत आले होते.

“काय व्हायचंय? सर्व्हिस त्यांची.”